घरावारी

फ्रीजनं घर्र केलं आणि दुपारचं निपचित घर जागं झालं. लाइन आली होती. पाच वर्षांची अर्पिता गोधडीत कूस बदलून पुन्हा झोपली, तसा सुरभीनं लॅपटॉप मांडीवर ओढला. पोरगी उठेपर्यंतचा वेळ तिचा.

बोरी अरबमधल्या लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, चौकातले बॅनर सुरभीच करायची. पण मागच्या उन्हाळ्यात घात झाला. शेजारच्या नंदाबाईच्या थोरल्या लेकीच्या पत्रिकेत नंदाबाईचे भासरे, म्हणजे थोरले दीर, मारोतराव, घरातले सर्वांत मोठे, धाकट्या भावाच्या खाली छापले गेले. मारोतराव भर पंगतीतून उठले. "मोबाइल-कंपूटर खेळनं म्हंजे काम नोहे," सुरभीचे सासरे रामराव तेव्हा म्हणाले होते. आता त्याच घरी धाकटीचं लग्न निघालं. नंदाबाईनं काम पुन्हा सुरभीलाच दिलं, पण दारात हळूच म्हणाली, "या टायमाले चुकलं तं मले तोंड दाखवाले जागा नाही राहनार, बाई."

चूक कशी झाली ते सुरभीला ठाऊक होतं. सगळ्यांच्या पत्रिका एकाच ढिगाऱ्यात. एका घरची नावं दुसऱ्याच्या साच्यावर चढायची. हे लावू कसं, असं तिनं एआयला विचारलं. लग्नं एका प्रोजेक्टमध्ये, म्हणजे एका कप्प्यात, बारशी दुसऱ्यात, बॅनर तिसऱ्यात, असं त्यानं सुचवलं. सुरभीला हसू आलं. गावात कोणी असं राहतं का? लग्नात रुसलेला माणूस बारशालाही रुसूनच येतो.

तिनं घराघराचा प्रोजेक्ट केला. त्यात त्या घराच्या खोडी लिहिल्या. पत्रिकेवर वर कोणता देव, कोणाच्या नावाआधी कैलासवासी, कोणाचा मान आधी, कोणत्या आत्याला गुलाबी रंग खपत नाही. मग एआय त्या घरापुरतंच पाहून पत्रिका मांडू लागला. आज तर त्यानंच विचारलं, 'या घरात मारोतराव सर्वांत मोठे आहेत, पण मसुद्यात दुसरे आले आहेत. बदलू का?' सुरभीनं मनातल्या मनात त्याला चहा पाजला.

संध्याकाळी मारोतराव स्वतः आले. ओसरीत बसून, चष्मा लावून, छापील नमुन्यावर बोट ठेवून वाचू लागले. नंदाबाई चौकट धरून उभी. बोट देवापासून निघालं, वारलेल्या बापाच्या नावावर टेकलं, स्वतःच्या नावावर जरा रेंगाळलं आणि पार 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत गेलं.

"कोनं केलं हे?" ते म्हणाले. "आमच्या घरच्याइलेही इतकं समजत नाही."

"माह्या सुनेनं," रामराव म्हणाले, समोरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल असं. "अख्खं गाव घरावारी लावून ठेवलं तिनं. तुमच्या रुसन्यासकट."

"मंग आता चहा घेतल्याबिगर उठत नाही मी."

चहा गाळताना सुरभीनं कान ओसरीकडे लावले. बाहेर सासरे अजून तिच्याबद्दलच सांगत होते.

ती परतली तेव्हा अर्पितानं लॅपटॉपवर आपल्याच घराचा प्रोजेक्ट उघडला होता. रामरावांनी सांगितली तशी नावं सुरभीनंच त्यात भरली होती. अर्पिता नुकती शिकलेली अक्षरं लावत होती. आबा सापडले, बाबा सापडले, लहान मुलांच्या ओळीत ती स्वतः सापडली. मग तिनं महागावच्या मामाचं, आईच्या माहेरचं, घर उघडलं. तिथंही वरून खालपर्यंत बोट फिरवलं.

"आई," ती म्हणाली, "तू कोनत्या घरात हायेस?"