आभारात राहिलेली मुलगी

आभारप्रदर्शनात ज्याचं नाव राहतं त्याला सभागृहातून बाहेर पडता येत नाही, हे स्नेहल शिंत्रेने मला उद्योजकता मंडळाच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. ती एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला, मी पहिल्या. वयाने मी सात वर्षांनी मोठी, म्हणून मला ताई म्हणायची.

"मग ते लोक खातात काय?" मी विचारलं.

"पाहुण्यांची बिस्किटं उरतात की."

नवीन मुलांची फिरकी घेतात तशी माझी घेतेय, असं समजून मी हसले आणि विसरून गेले.

कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा माझी जुई सात महिन्यांची होती. वर्गात मी दाराजवळच्या बाकावर बसायचे, फोन मांडीवर, म्हणजे सासूबाईंनी बोलावलं की पळता येईल. वर्गातल्या मुलांसाठी मी 'जुईची मम्मी'. मंडळात गेले ती प्रमाणपत्रासाठी. मुलाखतीत विचारतात म्हणून. पण तिथे कुणीतरी कागदावर 'आभार – केतकी' असं लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. बाळंतपणानंतर माझं नाव एवढ्या मोठ्याने कुणी घेतलंच नव्हतं. त्यानंतर मी एकही बैठक चुकवली नाही.

बैठकीला जुईही यायची. हिरव्या ओढणीची, बीबीएची एक मुलगी न सांगता तिला उचलून घ्यायची. जुईच्या तोंडात काय जातंय, पायात मोजे आहेत का, यावर माझी सतत नजर असे.

विद्यार्थ्यांच्या व्यवसाय मेळ्याचा समारोप शुक्रवारी दुपारी झाला. मी प्राचार्यांपासून खुर्च्या लावणाऱ्या शिपाईमामांपर्यंत तेवीस जणांचे आभार मानले. टाळ्या झाल्या, लोक जेवायला गेले. मी त्या मुलीकडून जुईला घ्यायला शेवटच्या रांगेकडे निघाले.

आमच्या सभागृहात बावीस रांगा आहेत. मी विसाव्या रांगेशी पोचले तेव्हा पुढे आणखी चाळीस होत्या. त्यांच्या टोकाला ती मुलगी बसली होती, मांडीवर जुई. जुई ओढणी चावत होती. मी पळाले की रांगा वाढायच्या, थांबले की थांबायच्या.

स्नेहल दारातून आत आली. रांगांकडे बघून म्हणाली, "सांगितलं होतं की नाही, ताई? कोण राहिलं?"

"ती. जुईला घेते ती."

"नाव काय तिचं?"

"मला कुठं माहीत? तुमच्यातलीच ना ती?"

"आमच्यातली? आम्हाला वाटलं तुमचीच कोणतरी आहे."

मी परत मंचावर गेले. माईकवर म्हटलं, "हिरव्या ओढणीवालीचे आभार." दोन रांगा वाढल्या. "बीबीएच्या विद्यार्थिनीचे आभार." अजून चार. जुई आता अंगठ्याएवढी दिसत होती. तिच्या दुधाची वेळ झाली होती. माझा कुर्ता ओला झाला.

"कुठलं तरी नाव घेऊन टाका," स्नेहल म्हणाली.

"नको. चुकलं तर जुई दिसायचीही बंद होईल."

मी माईक ठेवला, मंचाच्या कडेला पाय सोडून बसले आणि ओरडून विचारलं, "नाव काय गं तुझं?"

मग खुर्च्यांवरून घरंगळत आवाज आला. "रेशमा. रेशमा गुरव."

एक रांग मिटली, छत्री मिटते तशी.

"कुठली तू?"

"रेंदाळची. साडेसहाच्या एसटीनं येते."

आणखी दोन मिटल्या.

"मंडळात का येतेस?"

"वर्गात कोण बोलत न्हाई ओ ताई. हितं जुई ओळखती मला."

आता रांगा एकामागून एक मिटत होत्या. मी विचारत राहिले. तिला मेळ्यात आईच्या शेंगदाणा चटणीचा स्टॉल लावायचा होता. दर, डबे, बरणीवरची चिठ्ठी, सगळं तिने वहीत काढून ठेवलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"जुई हातात हुती की."

मी माईक उचलला. रेशमा गुरव हिचे आभार मानले, कशाबद्दल तेही सांगितलं. शेवटची रांग येऊन मंचाला टेकली. रेशमा उठली आणि जुईला माझ्याकडे देताना म्हणाली, "भूक लागलीय तिला."

त्या रांगेच्या मागून आणखी एक रांग आली. तिच्यात अकरा जण बसले होते, हातात बिस्किटांचे पुडे घेऊन. आधीच्या कितीतरी वर्षांत आभारात राहिलेले.

तेव्हापासून मंडळाची बैठक बुधवारी सभागृहातच भरते. रेशमा वही घेऊन एकेकाशेजारी बसते, विचारते, लिहून घेते आणि आभार मानते. पहिल्या बैठकीत तिचा आवाज माईकपर्यंत पोचत नव्हता. आता माईक लागत नाही. पुढच्या मेळ्याची अध्यक्ष तीच आहे. चटणीचा स्टॉल दाराशीच लागणार. अकरांपैकी दहा जण घरी गेले.

इंदुमतीबाई घोरपडे उरल्या आहेत. रांगोळी काढायला आल्या होत्या. बोटं अजून गुलाबी आहेत. त्यांचे आभार आम्ही तीनदा मानले. आता दार त्यांना अडवत नाही, त्याच उठत नाहीत. मुलीला दोन तासांसाठी शेजारी ठेवून आल्या होत्या, तीन वर्षांच्या पद्मजाला. म्हणतात, "आधी ती कशी आहे बघून या, मग उठते." सभागृहात त्यांचं वय वाढलं नाही, पण पद्मजा आता त्यांच्याहून मोठी असेल, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी जुईला कडेवर घेऊन दोनदा गेले. त्यांनी सांगितलेला पत्ता: हुपरीत, चांदीकाम चालतं त्या गल्लीत, डाव्या हाताला निळं दार. पण आम्ही मंडळातली माणसं गेलो की गल्ली लांबत जाते. तुम्ही मंडळातले नाही, तुम्हाला जमेल. त्या बाजूला गेलात तर पद्मजा कशी आहे, एवढं बघून याल का? इंदुमतीबाईंनी चपला घातल्या आहेत. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या आहेत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.