हात मिळवा

वर्गात भांडण झालं की काय करायचं, याचा माझ्याकडे रामबाण इलाज होता. दोघांना समोर उभं करायचं, "हात मिळवा, हसा आणि जागेवर बसा," म्हणायचं. पाऊण मिनिटात काम फत्ते! शेजारच्या वर्गातले सर याच कामात अर्धा तास घालवायचे. आधी कोण काय म्हणालं, कोणी ढकललं, कोणी पाहिलं. पोलिसात जायचे ते चुकून शाळेत आले, असं मी त्यांना चहाच्या वेळी चारचौघांत ऐकवायची. ते बिचारे हसून सोडून द्यायचे.

माझ्या तिसरीच्या वर्गात दोघी खास होत्या. एक चिमणी, हजेरीला जिचा आवाज ऐकायला कान टवकारावे लागायचे. दुसरी सरदारीण, मागच्या बाकावरून अख्खा वर्ग हाकणारी. नावं मीच ठेवलेली, लाडानं. चिमणी आठवड्यातून तीनदा रडत यायची. हिनं माझं खोडरबर घेतलं, हिनं डबा लपवला, ही कुणाला माझ्याशी बोलू देत नाही. मी प्रत्येक वेळी हात मिळवून दिले. हळूहळू तक्रारी कमी झाल्या आणि सहामाहीनंतर पार थांबल्या. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मुलं मुलांना छळतात त्याचं काय करायचं, यावर मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांची बैठक बोलावली, तीही माझ्या वर्गात. एरवी पोरांना "नीट बसा" म्हणणारी मंडळी त्या इवल्याशा बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली.

"तुमच्या वर्गात तक्रारच नाही म्हणे. करता काय ते दाखवा तरी," मोठ्या बाई म्हणाल्या. मला तेवढंच हवं होतं. मधली सुट्टी चालू होती, मी दोघींना मैदानावरून बोलावून घेतलं.

"चला, मिळवा हात."

सरदारणीनं हात पुढे केला. चिमणीनंही केला, पण डावा.

"उजवा गं, बाळा."

"डावा चालेल का, बाई? सुट्टीनंतर शुद्धलेखन आहे. उजव्यानं लिहायचंय."

दोन-चार जण हसले. मीही हसायला लागले आणि अर्ध्यावरच थांबले. मी माझा हात सरदारणीपुढे धरला. "माझ्याशी मिळव बघू." तिनं माझी बोटं अलगद धरली.

"असा नाही. हिच्याशी मिळवतेस तसा."

ती गोरीमोरी झाली. "नको, बाई. तुम्हाला दुखेल."

माझी कानशिलं तापली. इतकी लाज मला उभ्या नोकरीत कधी वाटली नव्हती. तक्रारी मीच थांबवल्या होत्या, पोरीची बोटं दुसरीच्या मुठीत देऊन.

"हा उपाय कुणी लिहून घेतला असेल तर खोडा," मी कशीबशी म्हणाले. शेजारच्या वर्गातले सर उठले आणि सरदारणीला बाहेर घेऊन गेले. तिचंही कुणीतरी ऐकायला हवं होतं. मी चिमणीसमोर खाली बसले.

"काय काय झालं, सांगतेस मला?"

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मग हात मिळवायचा नाही ना?"

"नाही."

"शप्पथ?"

शपथा घेणाऱ्या पोरांना मी एरवी फैलावर घेते. त्या दिवशी अख्ख्या शाळेच्या शिक्षकांसमोर मी "शप्पथ" म्हणाले. तेही दोनदा म्हणावं लागलं, तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.