उलटीसकट श्रीलंका

“मॅडम, तुमच्या देशात उलटी न होता फिरता येईल असा एखादा भाग आहे का?”

वर्गातल्या रुकय्याने मैथिलीशी पैज लावली होती ती नेमक्या याच शब्दांवर. शब्द इकडचा तिकडे झाला की पैज हरली. शिवाय विचारायचं भर वर्गात, आणि तेही संगीताच्या मल्कांती मॅडमना, ज्यांच्यासमोर दहावीची दांडगट पोरंसुद्धा शर्ट खोचून उभी राहायची. मागच्या वर्षीची मैथिली असती तर बाकाखाली शिरली असती. पण नोव्हेंबरात शाळेच्या समारंभात ऐन वेळी माइकने मान टाकली आणि नववीतल्या या पोरीने उरलेला सगळा कार्यक्रम नुसत्या गळ्यावर तडीस नेला. तेव्हा तिची भीड जी चेपली ती चेपलीच.

मॅडम मूळच्या श्रीलंकेतल्या कँडीच्या, आता कुवेतच्या या शाळेत. त्यांनी शांतपणे पियानोचं झाकण मिटलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पण उलटी करूनही फिरावेत असे पुष्कळ आहेत. कोणाला होते?”

वर्ग हसून लोळायला लागला. मैथिलीने ऐटीत हात वर केला. मॅडम हसल्या नाहीत, मधल्या सुट्टीत ये म्हणाल्या.

दुखणं जुनं होतं. फेब्रुवारीअखेर कुवेतच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी येते, तिला जोडून तिचे आईबाबा, म्हणजे चित्रा आणि प्रसन्न, तिला घेऊन श्रीलंकेला जाणार होते. एरवी सुट्टी म्हणजे पुणे आणि पुण्यात काका-आत्यांची घरं. पहिल्यांदाच खरीखुरी सहल ठरली होती. बाबा बँकेत, त्यामुळे बेतही बँकेसारखाच, जोखीम शून्य. विमानतळावरून थेट समुद्रकाठचं हॉटेल, पाच दिवस तिथेच, आणि परत. डोंगर, चहाचे मळे, दरीच्या कडेने जाणारी ती निळी ट्रेन, सगळ्यावर फुली. का, तर “मैथूला गाडी लागते.”

सहा वर्षांची असताना आंबोली घाटात तिला एकदा सडकून गाडी लागली होती. तेव्हापासून हे वाक्य घरात कुलदैवतासारखं ठाण मांडून बसलं होतं. मैथूला गाडी लागते म्हणून कोकण नको, मैथूला गाडी लागते म्हणून महाबळेश्वर नको. खरं-खोटं करणार तरी कसं? कुवेत म्हणजे पोळपाट. घाट सोडा, एगैलातल्या त्यांच्या घरापासून शाळेपर्यंत चढ म्हणून नाही. तिची परीक्षाच झाली नव्हती आणि निकाल मात्र दरवर्षी लागत होता. आता तर अख्खा डोंगराळ मुलूख तिच्या नावावर बुडणार होता, आणि आईने त्या ट्रेनचा फोटो फोनवर तीनदा उघडून परत मिटलेला तिने पाहिला होता. शनिवारी बाबा हॉटेलचे पैसे भरून टाकणार होते. मग संपलंच.

मधल्या सुट्टीत मॅडमनी डबा उघडला आणि स्वतःचा देश तिच्यापुढे वाढला. व्हिसा निघण्याआधी ऑनलाइन काढा, विमानतळावर बघू म्हणू नका. ट्रेनच्या राखीव जागा फार आधी संपतात, तेव्हा आज ठरवलंत तर आजच बघा, आणि एसीचा डबा घेऊ नका, त्याच्या खिडक्या उघडत नाहीत. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. दुपारी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून पायमोजे जवळ ठेवा. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मैथिलीला तिच्या घरचा प्रत्येक देवळातला फोटो आठवला, देव मागे आणि सगळं खानदान पुढे दात काढून. पौर्णिमेला तिकडे सुट्टी असते, देवळांत पांढऱ्या कपड्यांची गर्दी होते, कित्येक दुकानं बंद असतात, तेव्हा तारीख आधी बघा. यावर मैथिली म्हणाली की पौर्णिमा आमच्या फ्रिजवर लटकलेली असते, आईच्या मराठी कॅलेंडरमध्ये. मॅडम तेव्हा कुठे हसल्या.

“आणि उलटी?” तिने विचारलं.

त्यांचं उत्तर ऐकून तिला आईची कीवच आली. प्रवासाआधी आई तिला उपाशी ठेवायची आणि हातात हुंगायला लिंबू द्यायची. मॅडम म्हणाल्या, रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो, थोडं खाऊन निघ. पुढे बस, लांबवर बघ, खिडकी उघड, आलं चघळ, आणि फोनमध्ये डोकं खुपसू नकोस. मग डबा बंद करता करता म्हणाल्या, “माझा भाऊ दर वळणावर ओकायचा. आता त्याच रस्त्यावर व्हॅन चालवतो. आधी करून तर बघ.”

करून बघायला घाट नव्हता, पण वफ्रा होतं. शुक्रवारी टोमॅटो-काकड्या आणायला ते तिघं अधूनमधून दक्षिणेला त्या शेतांकडे जात, आणि तिथे हरितगृहांच्या मधून जाणारी कच्ची वाट म्हणजे नुसते खड्डे. मैथिलीने सकाळीच फर्मान काढलं. गाडी आई चालवणार, कारण बाबा खड्डा दिसला की गाडी पाळण्यासारखी जोजवतो, त्यात कसली परीक्षा? ती स्वतः पुढे बसणार. बाबा मागे.

बाबांनी बरीच कारणं सांगितली. गाडीचं अलाइनमेंट, आईचा खांदा, वाळूचं वारं. शेवटी मैथिली पोळी आणि केळं खाऊन, गालात आल्याचा तुकडा धरून पुढच्या सीटवर जाऊन बसली तेव्हा ते मुकाट्याने मागे शिरले आणि फोनवर हॉटेलच्या खोल्या बघायला लागले.

वाटेत शुऐबाच्या कारखान्यांच्या धुरांड्यांचा वास आला तेव्हा तिने सवयीने नाक धरलं, मग सोडून दिलं. वफ्राला आईने गाडी कच्च्या वाटेवर घातली. आईचा हात मोकळा. घरात कधी आवाज न चढवणारी बाई स्टिअरिंगवर बसली की दरोडेखोर व्हायची. गाडी उधळली. तिसऱ्या दणक्याला मैथिलीच्या पोटात काहीतरी हललं, तिने नजर लांबच्या खजुरांवर रोवली, आणि ते हललेलं परत जागेवर बसलं. ती ओरडून सांगणार होती, तोच मागून आवाज आला.

“चित्रा, थांबव. थांबव जरा.”

बाबा दार उघडून उतरले, हरितगृहाच्या कडेला गेले आणि वाकले.

मैथिली बघतच राहिली. आई स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पाण्याची बाटली काढत तिने सांगितलं की लग्नानंतर हे दोघं बसने महाबळेश्वरला निघाले होते आणि पसरणीच्या घाटात नवरदेवाने तिची कोरी ओढणी कामाला लावली होती. पण त्यानंतर गाडी कायम तोच चालवायचा, म्हणून तिला वाटलं, गेलं असेल.

बाबा तोंड पुसत आले. चेहरा पांढराफटक.

“स्टिअरिंग हातात असलं की नाही लागत,” ते म्हणाले. आणि जरा थांबून, “तिकडे ड्रायव्हर असणार ना.”

म्हणजे इतकी वर्षं घरात दोघांना गाडी लागत होती आणि नाव एकटीचं होतं. मैथिलीला खरं तर रागवायचं होतं. पण बाबा असे काही उभे होते, शर्टाला माती, हातात बाटली, गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे, की तिला एकदम बरंच वाटलं. आपल्यासारखंच माणूस निघालं की हे. तिने खिशातून आल्याचा तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“चघळ. आणि ऐका दोघं,” ती म्हणाली. समारंभातला तो बिनमाइकचा आवाज आपोआप लागला, पलीकडे टोमॅटोच्या पेट्या भरणाऱ्यांनीही माना वळवल्या. “हॉटेल दोनच दिवस. बाकीचे दिवस कँडी, आणि तिथून ट्रेनने डोंगरात, तिकिटं आजच बघायची. गाडीत पुढची सीट बाबाची, मी मागे आईजवळ. आलेपाक मी करणार. पिशव्या दोन घ्यायच्या, एक त्याची, एक माझी, आणि लागली तर लागली. मी ठरवलंय.”