डीकन टोलिव्हर यांची रताळी

आई कोर्टात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली आणि दुसऱ्याच दिवशी बाबांची शाळेतली नोकरी गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं शाळा-मंडळाने बाबांना आवर्जून कळवलं. बाबा अलाबामातल्या काळ्या मुलांना बीजगणित शिकवत. हे समीकरण त्यांना सुटण्यासारखं होतं.

आईचं नाव अर्थातच नोंदलं गेलं नव्हतं. त्याआधीही ती जाऊन आली होती. दरम्यान वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बदलत, माँटगोमेरीत गव्हर्नर बदलत, आणि येणारा प्रत्येक जण नवं युग आणी. आमच्या कोर्टाच्या खिडकीतला कारकून तेवढा जुनाच राहिला. तो आईला राज्यघटनेचं एखादं कलम समजावून सांगायला लावी, आणि तिने सांगितलं की नेमकं त्यालाच ते समजत नसे.

क्लीओटिसमामा म्हणाला, उत्तरेत डेट्रॉइटला चला, मोटारींच्या कारखान्यात चिकटवून देतो. बाबांनी ट्रंक बाहेर काढली. आईला याच कोर्टात नाव नोंदवून याच गावात मत द्यायचं होतं, पण घरात पोरं होती आणि पिठाच्या डब्याचा तळ दिसत होता. ती कपड्यांच्या घड्या घालू लागली.

शनिवारी चर्चची मंडळी येणार असा निरोप आला. गाव सोडणाऱ्याला आमच्यात बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि केक बांधून देतात, कारण वाटेतल्या हॉटेलांत काळ्या माणसांना कुणी वाढत नाही. नवा पाद्री आला तर मात्र घरटी एकेक पाउंड शिधा नेतात, त्याचं बस्तान बसावं म्हणून. मामाने आमच्या जाण्याची दवंडी गावभर पिटली होती, तेव्हा बाबांनी ट्रंकेत खोक्यांपुरती जागा राखली.

खोकं एकही आलं नाही. पीठ आलं, साखर आली, डुकराची चरबी आली. सिस्टर ओझेला (आमच्या चर्चमध्ये सगळ्या बायका सिस्टरच) तर अंड्यांवर बसलेली कोंबडी टोपलीसकट घेऊन आल्या.

"ही तळायची राहिली वाटतं," मामा म्हणाला.

"आधी तुझी जीभ तळते, क्लीओटिस."

सगळ्यांत शेवटी चर्चचा कारभार पाहणारे डीकन टोलिव्हर आले. त्यांच्या पोत्यात कोंब फुटलेली रताळी होती.

"डीकन, ही तर लावायची रताळी," बाबा म्हणाले.

"मास्तर आहेस, ओळखणारच."

"पण हाती कधी लागायची?"

"थंडी पडायच्या आत. तोवर आम्ही आहोत की." मग ते आईकडे वळले. "सिस्टर व्हर्लीन, पुढच्या खेपेला मीही येतो कोर्टात. मला वाचता येत नाही, पण नकार ऐकायला वाचता यावं लागत नाही."

आईने घडी घातलेला सदरा पुन्हा खुंटीला अडकवला. बाबा फावडं शोधायला गेले. मामा एकटाच डेट्रॉइटला गेला.

त्या उन्हाळ्यात मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, कलमांची परीक्षा बंद झाली, वॉशिंग्टनहून नावं नोंदवून घेणारी माणसं आली, आणि आईचं व डीकनचं नाव एकाच सकाळी नोंदलं गेलं. त्या सरकारचे आभार मानण्यात आम्ही कधी कंजुषी केली नाही. फक्त त्याचा नंबर ओझेलाबाईंच्या नंतर लागतो.

पहिल्या निवडणुकीत आईचा उमेदवार सपाटून पडला. मामाने मुद्दाम डेट्रॉइटहून फोन करून विचारलं, मग काय मिळालं एवढं करून?

"हरायला मिळालं," आई म्हणाली. "याआधी मला कुणी हरूसुद्धा दिलं नव्हतं."

आणि ती सगळ्या चर्चला पुरेल एवढा स्वयंपाक करायला लागली.