मागचा आरसा

हमीदनं मोटारसायकल विकून जुनाट मोटार घेतली, तेव्हाच अंबाजी मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडली होती. आजकालच्या पोरांना नुसती मोटार पुरत नाही, तीत फेरफारही हवे असतात. हमीदनं मागची सीट माणूस आडवा होईल एवढी लांब करून घेतली, आणि वर त्या सीटवर नजर राहील असा आरसा पुढे लावायला सांगितला. त्याची बायको मुनिरा जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. हा सगळा थाट नव्या नवरीसाठी चाललाय, असं अंबाजीनं मनाशी धरलं.

त्यानं मुद्दाम मागचा रस्ता दिसेल असाच आरसा बसवला. हमीदनं तो खाली वळवला. अंबाजीनं पुन्हा सरळ केला.

"आरसा रस्त्यासाठी असतो," तो फणकारला. "आणि ती मोटारसायकल का रे विकलीस? अख्ख्या बोर्लीत रुबाब होता तुझा."

"गावातलं कुणी आजारी न्यायचं, तर पाठीमागं बसलेलं माणूस तिच्यावर दिसत नाही, काका," हमीद म्हणाला. "मुनिराला ताप चढला तेव्हा ओढणीनं पाठीशी बांधून श्रीवर्धनला नेली. वाटभर तिच्याशी बोलत होतो. आता आलंच, म्हणत होतो. दवाखान्यापाशी गाठ सोडली, तर डॉक्टर म्हणाले, ही अर्ध्या वाटेतच गेली असणार."

अंबाजीनं हातातला पाना खाली ठेवला. मग मागचं दार उघडून, तेलकट कपड्यांनिशीच तो त्या सीटवर आडवा झाला.

"फिरव आरसा," तो म्हणाला. "माझं तोंड दिसलं की सांग."