सारवलेलं कोर्ट

लोणावळ्यातल्या आमच्या क्लबाचं बॅडमिंटन कोर्ट उघड्यावर होतं आणि दर शुक्रवारी ते शेणाने सारवलं जाई. बूट घालून त्यावर उतरायला मनाई होती, कारण बुटांच्या तळांनी सारवणाचे पोपडे निघत. त्यामुळे कुसगावचा महिपती चार वर्षं अनवाणीच खेळला. १९३८च्या जानेवारीत पुण्याच्या दोन नावाजलेल्या खेळाडूंना त्याने हरवलं तेही अनवाणीच.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. महिपती माझा विद्यार्थी. त्याने मारलेली फुलं जाळीपलीकडे कुठे पडतात याची मी वही ठेवली होती. शंभरातली एक्क्याऐंशी मागच्या रेघेच्या हातभर आत पडत. असा खेळाडू मी दुसरा पाहिला नव्हता.

मग मुंबईहून पत्र आलं. इलाख्याच्या संघाची निवड, वीस फेब्रुवारी, रविवार, दुपारी चार. तिथे जमीन लाकडी, बुटांशिवाय खेळता येणार नाही. क्लबाने त्याला कॅनव्हासचे बूट भेट दिले. एकोणीस वर्षांत त्याच्या पायांना चपलेपलीकडे काही माहीत नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात त्याने दोन दिवस बुटांचा सराव केला आणि अकरा तारखेला, शुक्रवारी, टाचेवरचा फोड फुटला.

"काय रं, नवरदेवावानी चालतोयस!" त्याच्याबरोबर खेळणारा बजरंग म्हणाला. "वरात कुटं निगाली?"

"मुंबईला. तू करवला म्हनून चल," महिपती म्हणाला. बूट काढून तो तसाच कोर्टावर उतरला. सारवण अजून ओलं होतं. तासभर खेळून त्याने नळावर पाय धुतले तेव्हा मला टाचेची उघडी जखम दिसली आणि तिच्यात रुतलेलं शेण.

त्याला मी लगेच बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम साफ केली. म्हणाले, "धनुर्वाताचं सिरम पुण्याहून मागवतो. उद्या टोचून घे."

बाहेर आल्यावर महिपतीने विचारलं, "मास्तर, त्या सुईनं काय व्हतं?"

मी सांगितलं. घोड्याच्या रक्तापासून सिरम कसं करतात ते सांगितलं. काहींना नंतर ताप येतो, अंगावर गांधी उठतात, सांधे सुजतात, हेही सांगितलं.

"कवा?"

"आठवड्याने. कधी दहा-बारा दिवसांनी."

त्याने बोटांवर मोजलं. "म्हंजे मॅचच्या वक्ताला. किती जनांना व्हतं?"

"पाचांत एखाद्याला."

"आन धनुर्वात?"

"अशा जखमेतून? हजारात एखाद्याला."

"मंग नको सुई."

आकडे मी वाचले होते तसेच सांगितले. एकात मॅच बुडते आणि दुसऱ्यात माणूस मरतो, हे मात्र त्या आकड्यांत नव्हतं. ते मला ठाऊक होतं, तरी मी बोललो नाही. निवड समितीला दाखवण्यासाठी माझी वही मी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मीच निरोप दिला की मुलगा तयार नाही.

एकोणीस तारखेला स्टेशनवर क्लबाची सगळी मंडळी हार घेऊन आली. महिपतीची आई सरुबाई पिठलं-भाकरी बांधून आली होती.

"सकाळपासून काय खाल्लं न्हाई त्यानं," ती मला म्हणाली. "जबडा दुकतोय म्हनतो."

"महिपती, तोंड उघड."

त्याने उघडलं. एक बोट कसंबसं आत गेलं असतं.

"रातच्याला गार वारं लागलं, मास्तर."

"तू जायचं नाहीस."

"आता थांबनार न्हाई. जबड्याचं सोमवारी बगू. बूट आता कुटं पायात बसल्यात." तो दात न उघडता बोलत होता. गाडी आली. मी त्याची पिशवी घट्ट धरली, तो ओढू लागला आणि ओढता ओढताच त्याची पाठ ताठली. बजरंगने आणि मी त्याला बाकावर निजवलं. गाडी निघून गेली.

दवाखान्यात त्याच्या खोलीच्या खिडक्यांना कांबळी लावली. उजेड नको, आवाज नको. घाट उतरणाऱ्या गाडीची शिट्टी झाली की त्याचं अंग धनुष्यासारखं वाकायचं आणि नुसत्या टाचा न् डोकं खाटेला टेकलेलं असायचं. सिरम आता रोज टोचत होते. रविवारी दुपारी दातांतूनच त्याने विचारलं, "किती वाजलं?"

"चार."

त्याने डोळे मिटून घेतले.

मंगळवारी सकाळी तो गेला.

सरुबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. "डाक्टर म्हनलं, आदी सुई टोचली असती तर वाचला असता. तुमी बोलला न्हवता व्हय त्याला?"

"बोललो होतो, मावशी."

"मंग?"

"तो नको म्हणाला."

तिने मान हलवली. "लय हट्टी. बापावर गेलता. तुमी तरी काय करनार, मास्तर?"

मी तिच्याशेजारी बसलो. कुसगावहून माणसं येऊ लागली होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "मास्तरांनी सांगितलं व्हतं त्याला. त्यानंच ऐकलं न्हाई." आणि माणसं माझ्याकडे बघून हात जोडत होती.