मला कधी कुणी चावी दिली नाही

हो, मीच बोलतोय. मखमली डबीत लोळणारे ते साहेब नव्हेत. मी प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं, बॅटरीवर चालणारं साधं घड्याळ. माझी बाई बस चालवते. आणि मी जळतो, स्पष्टच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका साच्यातून ढीगभर भावंडं निघाली. मला कुणी निवडलं वगैरे नाही. बाईचं जुनं घड्याळ हरवलं, तिने दुकानात ‘चालतं ना?’ एवढंच विचारलं आणि मला मनगटाला बांधलं. संपलं कौतुक.

मग तिला चावीच्या घड्याळाचं वेड लागलं. नवा कोट नाही, सहल नाही, फाटक्या चपलेला पुन्हा टाके. सगळी काटकसर त्याच्यासाठी. तिची ताई म्हणाली, “अगं, हातात चांगलं धडधाकट घड्याळ आहे की!” मी मनातल्या मनात ताईच्या पाया पडलो.

“ते नुसतं घड्याळ आहे गं,” बाई म्हणाली. नुसतं!

दुकानात तर कहरच झाला. मला काढून काउंटरवर पालथं टाकलं आणि एकेकाची मुलाखत सुरू झाली. एक सोनेरी होतं, पोटात आणखी छोट्या तबकड्या. “एवढ्या पसाऱ्यात वेळ शोधावी लागेल,” म्हणत तिने नाकारलं. दुसऱ्याचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून तेही बाद. मला वाटलं, सुटलो बुवा! तेवढ्यात दुकानदाराने एक साधंसं, पांढऱ्या तबकडीचं काढलं. पाठीला काच, आत चक्रं डुलताहेत.

“रोज सकाळी चावी द्यावी लागेल हं,” तो म्हणाला.

“आणि विसरले तर?”

“तर थांबेल.”

असल्या नाठाळाला कोण घेईल? पण बाई चक्क खूश झाली. तिने ते कानाला लावलं, डोळे मिटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कधी लावलं होतं कानाला?

तेव्हापासून रोज हेच. उठली की आधी त्याची चावी, दोन बोटांत हळूच धरून. वर “चला, लाडोबा!” हा लाडोबा रोज थोडा पुढे पळतो बरं का! मग त्याचे काटे कुणावरून लावायचे? माझ्यावरून! ओरखडे पडतील म्हणून तो फक्त सुट्टीच्या दिवशी मनगटावर. राबायला मी, मिरवायला तो.

परवा सकाळी बस सुटायच्या बेतात होती आणि माझी बॅटरी संपली.

“बाई, निघायचं ना?” कंडक्टर ओरडला.

बाईने माझ्याकडे पाहिलं. काटे ठप्प. आणि काय सांगू, सवयीने तिने माझं बाजूचं बटण दोन बोटांत धरलं आणि फिरवू लागली. “चल रे, चल ना.” मग मला कानाला लावलं. तिच्या कानाची ऊब लागली हो! मी जीव तोडून जोर लावला, पण चावी घ्यायला माझ्या पोटात स्प्रिंगच नाही.

“अगं बाई, हे तर ते दुसरं!” ती हसली आणि मला पिशवीत टाकलं.

आता मी खणात आहे, बंद. बॅटरी घालायचं ती विसरून गेली. कामावरही लाडोबाच जातो, आणि त्याचे काटे ती मोबाईल बघून लावते. सकाळी खण उघडतो, तिचा हात आत येतो, मला बाजूला सारतो आणि त्याची डबी उचलतो.

बाई, बॅटरी नाही घातलीस तरी चालेल. पण एखाद्या सकाळी डोळ्यांवर झोप असेल ना, तेव्हा चुकून मलाच उचल.